एकच बोल्ट राहिलाय

...नाही, मला एक सांगा, फ्रीजर कशासाठी असतो? बर्फासाठी, मटारासाठी, फार तर आइस्क्रीमसाठी. बरोबर ना? आमच्या फ्रीजरमध्ये बेअरिंग असतं. बेअरिंग! मुठीएवढं लोखंडी कडं, पेपरात गुंडाळलेलं, मटाराच्या पिशवीवर ऐटीत बसलेलं. मी आपली पिशवी ओढली आणि ते सरळ माझ्या पायाच्या अंगठ्यावर. नवरा बाहेरच्या शेडमधून धावत आला. माझ्याकडे नाही हो, बेअरिंगकडे. उचललं, फुंकर मारली, उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "वाचलं." मी म्हटलं, कोण, अंगठा? तर म्हणतो, "अगं, गार केलं की ते आकसतं, मग जागेवर अलगद बसतं. झालंच आता. एकच बोल्ट राहिलाय."

एकच बोल्ट राहिलाय. चौदा महिने मी हे वाक्य ऐकतेय. आता झोपेत कुणी कानाशी "बोल्ट" म्हटलं तरी मी दचकून उठते.

तुम्हाला सांगते, वाईट काय, तर हे सगळं सुरू झालं चांगल्या हेतूने. त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नाही. माझ्या सासूबाईंना एक थोरली बहीण आहे, मावशी. डोंगरावर राहते, एकटी. दोघींचा रोज चारच्या ठोक्याला फोन. काय जेवलीस, गोळी घेतलीस का, मांजर आलं होतं का, सगळं साग्रसंगीत. पण भेट? तीन वर्षं नाही. कारण पुलापर्यंत आपली साधी गाडी जाते, पुढचा चार किलोमीटरचा रस्ता पावसात वाहून गेला, नुसते दगड. मावशीचे गुडघे गेलेले, सासूबाईंची कंबर गेलेली. म्हणजे ती खाली येऊ शकत नाही आणि ह्या वर जाऊ शकत नाहीत. एक दिवस फोन ठेवून सासूबाई डोळे पुसत होत्या, ते नवऱ्याने बघितलं. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? एका दिवसापुरती दणकट गाडी मागून आणली असती, आईला नेलं असतं, आणलं असतं, विषय संपला असता. हा जुनी फोर बाय फोर विकत घेऊन आला. चारही चाकं ओढतात म्हणे. आली तेव्हा चारांतलं एकही ओढत नव्हतं, दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली.

"आई, महिन्याभरात तुला मावशीच्या दारात उतरवतो," म्हणाला. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, दाराचा गंज बोटाने खरवडून बघितला, तर बोट पत्र्यातून आरपार. बोट बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो."

आता मी शिवणकाम करते, घरातच. पुढच्या खोलीत माझं मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, पांढरे, फिके, सॅटिनचे. आणि मागच्या शेडमध्ये ग्रीस. तुम्ही म्हणाल, ते मागे, हे पुढे, बिघडलं कुठे? अहो, ग्रीसला पाय असतात. कुणी हात लावत नाही, कुणी आणत नाही, आणि सकाळी बघावं तर दिव्याच्या बटणावर आहे, कपाच्या कानाला आहे, उशीच्या अभ्र्यावर आहे. साबणावर आहे हो, साबणावर. म्हणजे हात धुतले की आधीपेक्षा काळे! माझी माप घ्यायची टेप, जी मी जिवापलीकडे जपते, ती एकदा शेडमध्ये गेली आणि परत आली तेव्हा तिच्यावरचे एक ते तीस आकडे गेलेले. गिऱ्हाइकाची कंबर मी एकतिसापासून मोजायला लागले. शी.

आणि वास. गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल कधी काढलंय तुम्ही? काढू नका. आमच्याकडे काढलं, माझ्या कपडे भिजवायच्या टबात काढलं. सडकी अंडी, त्यात जळकं रबर, आणि वर कुणीतरी ओला बूट ठेवून दिलेला, असा तो वास. तो जातच नाही, पडद्यात मुक्काम करतो. मी पडदे चार वेळा धुतले, पाचव्यांदा फेकून दिले. सासूबाईंना विचारलं, आई, तुम्हाला वास येतो का हो? तर म्हणतात, "कसला गं?" त्या टबाच्या शेजारी बसून हे विचारत होत्या.

बरं, हे सगळं शिकवायला गुरू कोण, तर शेजारचे काका. जन्म गेला कारखान्यात लेथवर, आता निवृत्त. मी त्यांना तज्ज्ञ म्हणते, अर्थात मनात. त्यांचं बोलणं म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये माणूस चहा करून आणेल. "सूनबाई... बेअरिंग गार करायचं... आणि ते ज्यात बसवायचं... ते गरम करायचं. शास्त्र आहे." ज्यात बसवायचं ते कुठे गरम करायचं? बरोबर ओळखलंत. माझ्या ओव्हनमध्ये. जाळीवर. त्यानंतर मी केक केला, सगळ्यांनी एकेक घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघत बसले. सासूबाईंनी तेवढा संपवला.

गाडी कशीबशी सुरू झाली, मला वाटलं सुटलो. तेव्हा तज्ज्ञ तिच्यापुढे वाकले, पोटाखाली बघितलं, आणि म्हणाले, "दगड आला... की पोट घासणार. गाडी... उचला." झालं! जाड स्प्रिंगा आल्या, गाडी चार बोटं वर. मग म्हणाले, "टायर... बारीक दिसतात." थोराड टायर आले, गाडी आणखी वर. मी विचारलं, अहो, आई चढणार कशा यात? नवरा म्हणाला, "पायरी बसवतो ना. झालंच. एकच बोल्ट राहिलाय." पायरी आजतागायत बसलेली नाही. माझा स्वयंपाकघरातला स्टूल मात्र तिकडे गेला.

आणि मग त्या गुरुवारी चारचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत काजं करत होते. सासूबाई जेमतेम दोन मिनिटं बोलल्या. रोज तासभर चालतं, म्हणून मी बाहेर आले, तर त्या रिसीव्हर मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "सोमवारी जातेय ती. मुलाकडे, विमानाने. कायमची." गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार दिवस हातात. मी म्हटलं, आई, माझ्या छोट्या गाडीतून पुलापर्यंत जाऊ, पुढे चार माणसं धरू, खुर्चीत बसवून नेऊ तुम्हाला, पण आत्ता निघू. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेडमधून हातोडीचा आवाज आला, ठण, ठण, आणि नवऱ्याची शीळ. त्यांनी तिकडे बघितलं आणि तोंड मिटलं. "राहू दे," म्हणाल्या, "रविवारी नेतो म्हणालाय ना तो."

रविवार. सासूबाई सकाळी सातपासून ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन तयार. नवऱ्याने गाडी सुरू केली, शेडमध्ये निळा धूर, धुरातून त्याचा आवाज, "हटा, हटा, येतोय." आणि गाडी पुढे आली आणि दाराच्या तुळईला गाडीचा टप वाजला. धाड. थांबली. मागे घेतली, पुन्हा पुढे. धाड. मी टेप आणली. गाडी दारापेक्षा दोन इंच उंच!

मी अगदी शांतपणे विचारलं, माप घेतलं होतंस? म्हणाला, "घेतलं होतं की." कधी? तर खाली बघून म्हणतो, "जुन्या टायरांवर." आता मला सांगा, मी उशीचा अभ्रा शिवताना दोनदा माप घेते. अभ्रा चुकला तर उशी काही खोलीत अडकून पडत नाही. आणि हा माणूस चौदा महिने एका खोलीत बसून त्या खोलीच्या दारापेक्षा मोठी वस्तू तयार करतो? आणि शेजारी लेथवर जन्म काढलेला माणूस, केसाएवढी चूक पकडणारा, तो म्हणतो काय? "तुळई... खाली आहे." मला इतकी किळस आली ना, त्या दोघांची, त्या धुराची, त्या तुळईची. पण मागे बघितलं तर सासूबाई पर्स घट्ट धरून उभ्या, आणि दुसऱ्या दिवशी विमान. मी टेप गुंडाळली.

टायरांतली हवा सोडली. एक इंच उतरली. राहिला एक. तज्ज्ञांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "माणसं... बसवा." म्हणजे वजनाने स्प्रिंगा दबतील. समोर न्हाव्याचं दुकान. न्हावी आला, त्याची दोन गिऱ्हाइकं आली, एकाच्या अर्ध्या गालाला अजून फेस. तज्ज्ञ बसले. मी बसले, मांडीवर बॅटरी, कारण एकच बोल्ट राहिलेला, तो बॅटरीचा होता. आणि सासूबाई. स्टुलावर चढल्या, पण पाय काही आत जाईना. मग नवऱ्याने मागून दोन्ही हात लावले, "आई, एक, दोन, तीन," आणि दिल्या ढकलून. ठेवणीतल्या कपड्यांवर, पाठीच्या बरोब्बर मध्ये, दोन काळेकुट्ट पंजे, दहाही बोटं मोजून घ्या. मी डोळे मिटून घेतले. आणि तुम्हाला सांगते, गाडी निघाली, टप तुळईला खरडत, किंचाळत, पण निघाली. मग सगळे उतरले आणि पायपंपाने चार टायर भरायला पाऊण तास. फेसवाला माणूस तसाच पंप मारत होता, फेस वाळलेला.

निघालो आम्ही तिघंच. प्रवासाचं काय सांगू? आवाज असा की बोलायचं असेल तर गाडी थांबवायची. वास तर होताच, सोबत म्हणून. पूल आला. नवऱ्याने गाडी थांबवली, खाली उतरून पुढच्या चाकांत काहीतरी फिरवलं, परत येऊन चारही चाकं जोडणारा छोटा दांडा धरला, आमच्याकडे वळून बघितलं, चेहऱ्यावर काय तेज. "आता बघा," म्हणाला, आणि दांडा ओढला. आम्ही पूल ओलांडला.

पुढे रस्ता. काळा. गुळगुळीत. मधोमध पांढरा पट्टा. समोरून एक बाई स्कूटरवर अंडी घेऊन उतरत होती, एका हाताने फोनवर बोलत.

मी मागे वळले. आई? सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "आठ महिने झाले गं रस्ता होऊन. ती सांगत असते ना फोनवर." मी ओरडले, हो, ओरडलेच, आवाजच तसा होता गाडीचा. अहो, मग बोलला का नाहीत? माझ्या गाडीतून तासाभरात आलो असतो, दर रविवारी आलो असतो. तर त्या पुढे वाकल्या, माझ्या कानाशी, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाल्या, "त्याचे बाबा गेल्यापासून त्याचं कशात मन लागत नव्हतं गं. या गाडीपाशी शीळ घालायला लागला. मी कुठल्या तोंडाने सांगू, की आता नको म्हणून?" आणि आज पोचलो नसतो तर? "नसतो तर नसतो," म्हणाल्या आणि पर्स उघडून उगाचच त्यात बघत बसल्या. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, आणि डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला ग्रीस.

मावशी फाटकातच उभी होती, मागे बांधलेल्या बॅगा. सासूबाई स्टुलासाठी थांबल्याच नाहीत, मी खाली उभी, तर माझ्या अंगावरून घसरत उतरल्या, कंबर विसरून. दोघींनी मिठी मारली ती किती वेळ सोडेचनात. सोडली तेव्हा मावशीचे दोन्ही तळवे काळे. "हे काय गं?" सासूबाई म्हणाल्या, "पोराने गाडीत बसवलं मला," आणि पाठ वळवून तिला ते पंजे दाखवले, बक्षीस मिळाल्यासारखे. मावशीने ते डोळे भरून बघितले.

ऊन उतरताना आम्ही परत निघालो. नवरा रस्त्याकडे नुसता बघत होता, त्या काळ्या गुळगुळीत रस्त्याकडे. मला वाईट वाटायला लागलं. म्हटलं, चौदा महिने वाया गेले, लागलं असणार बिचाऱ्याला. आईचं बोलणं ऐकलं असेल का याने? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुलाशी गाडी थांबवून तो माझ्याकडे वळला.

"मी काय म्हणतो," म्हणाला, "रस्ता तर आता चांगला झालाय. एवढी उंच गाडी लागतेच कशाला? चार बोटं उतरवून घेऊ. म्हणजे शेडमधून येईल-जाईल."

मी म्हटलं, अरे, मावशी उद्या विमानात बसणार. आता या गाडीने जायचं कुठे आपण?

मागून सासूबाई म्हणाल्या, "छान होईल हो."

तो पुढे बोलणार, तेवढ्यात मी हात वर केला. म्हटलं, बोलू नकोस, किती बोल्ट राहिलेत ते मला माहितीये. घरी आलो. मी हात धुतले, ते आणखी काळे झाले. मग फ्रीजर उघडला, आणि मटाराची पिशवी मीच बाहेर काढून ठेवली.