पाचवा निरोप

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका शिंप्याने मासिक नुसतंच उघडं धरलं होतं. लक्ष सगळं शेजारच्या नणंद-भावजयीकडे.

"दादाची तपासणी आजच कशाला, वहिनी?"

"शनिवारी त्यांच्या लाडक्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम आहे ना! पाचव्यांदा निरोप घेतायत मेले."

"त्या बँडला चाळीस वर्षं झाली की!"

"गाणारा दोन ओळींत धापा टाकतो, ड्रमवाल्याला दोघं धरून वर चढवतात. आणि यांनी त्यांच्यापायी कान घालवले."

"मग दादाला ऐकू काय येतं?"

"कप्पाळ! गेल्या खेपेला कानाचं यंत्र घरीच राहिलं. तरी म्हणतात, असा कार्यक्रम जन्मात ऐकला नाही."

"या वेळी तू तरी जाऊ नकोस."

"वा! गाणं संपलं तरी हे एकटेच गात उभे राहतात. यांना खाली कोण बसवणार, तो ड्रमवाला?"