तीनदा मेलेला नवरा

चहा पाजा, पण त्या मालिकेचं नाव माह्यासमोर काढू नका. दहा वर्षं झाली, संपूनच नाही राह्यली. तिच्यातल्या बाईचा नवरा पहिल्यांदा मेला, तवा आमच्या मायनं डोक्यावरून आंघोळ केली. बाबा हसले, "अवो, तो खोटा मेला." अन् खरंच, सहा महिन्यांत तो परत आला. मालिका लांबवायसाठी त्याले पुन्हा मारलं, पुन्हा आणलं.

औंदा आमचे बाबा गेले. महिना नाही झाला, तं तो नवरा तिसऱ्यांदा मरून दारात उभा. मी चिडून म्हणलं, "माय, बंद कर ते."

मायनं टीव्हीची वायरच उपटली.

"लाज नाही वाटत या लोकायले? हिचा तीन खेपा आला. माहा एकदाच गेला, तो गेलाच."