वरचे दात

वरचे दात आधी आले तर मामाला बाळाचं तोंड दाखवायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्याकडचा नियम, बोला आता!

माझ्या सोनूच्या वरच्या हिरड्या सुजल्या होत्या, अंग तापलं होतं. त्याला पेणला डॉक्टरकडे न्यायला माझा दादा रोह्याहून शिफ्ट संपवून बाइकवर आला, तर आई दारात आडवी.

"नको गो. तुझे बी वरचेच आधी आले व्हते."

"मग?"

आई आणि मावशी, दोघींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. हार घातलेला माझा मामा. तेवढ्यात रडणारा सोनू गप्प झाला आणि त्याच फोटोकडे बघून तोंड उघडून हसला.

तरी मी सोनूला दादाच्या हातात दिलं.

"मी नियम पाळणार नाही. मामा कशाने गेला, ते सांगा आधी."

मावशीने उठून फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला.