दहा गुंठ्यांत दोनशे चौदा

चिंगी : नाही बसत, अप्पा! तीन आठवडे झाले, नाही म्हणजे नाही बसत. अख्ख्या जगातली झाडं किती, याचा अंदाज काढतोय आम्ही. चार लाख ठिकाणांचे आकडे मुकाट रांगेत उभे राहिले. आणि खोडा कोण घालतंय? माझा स्वतःचा बाप!

अप्पा : मी काय केलं? मला वनखात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली.

चिंगी : तुमच्या मोजणीनं केलंय. हे बघा, तुमच्याच वहीवरून उतरवलेलं. तुकडा नंबर सात. दहा गुंठ्यांत दोनशे चौदा झाडं. दोनशे चौदा!

अप्पा : बरोबर आहे.

चिंगी : कसं बरोबर? आठ आणि अकरा नंबरही असेच फुगलेले. तसल्या रानात दहा गुंठ्यांत साठ निघतात, फार तर ऐंशी. तुम्ही रोपटी धरलीत. छातीच्या उंचीवर दहा सेंटिमीटर जाड असेल तरच ते झाड, हा नियम...

अप्पा : तो नियम तू मला शिकवू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून खोडांना टेप गुंडाळतोय मी.

आई : जरा हळू बोला दोघं. शेजारच्यांना वाटेल वाटणीवरून भांडण चाललंय.

चिंगी : आई, तू थांब गं. अप्पा, त्या डोंगरांत तुमच्याशिवाय कुणी मोजलेलंच नाही. तुमच्या छत्तीस तुकड्यांवरून आम्ही आजूबाजूच्या हजारो डोंगरांचा अंदाज बांधतो. उपग्रहाला वरून नुसतं हिरवं दिसतं, खोडं दिसत नाहीत. इथे एक चूक झाली की तिकडे ती कोटींत जाते. सोमवारी आकडा द्यायचाय. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, वडिलांना सरळ विचार.

अप्पा : मग विचार की सरळ.

चिंगी : सात, आठ आणि अकरा नंबर तुम्ही... घरी बसून भरलेत का?

(अप्पा चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

आई : जीभ कशी रेटली गं तुझी! त्या सात नंबरापायी तीनदा डोंगर चढलेत ते. पायाचे फोड मी बघितलेत.

चिंगी : तीनदा? कशाला?

अप्पा : साहेबांनाही पटेना म्हणून. तुझ्यासारखंच म्हणाले, रोपटी धरलीस. परत पाठवलं. दोनशे चौदा. पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला प्रत्येक खोडावर चुन्याचा पट्टा ओढत गेलो. दोनशे चौदाच. सात, आठ, अकरा, तिन्हीकडे पूर्वी दरड कोसळली होती. मोकळ्या उतारावर सगळी एका वयाची उठली. पोटरीएवढी जाड, खांद्याला खांदा लावून. पाठीवरच्या पिशवीसकट आत शिरता येईना मला.

चिंगी : मग हे वहीत का नाही लिहिलंत?

अप्पा : लिहिणार कुठे? आकड्याला रकाना होता. दरडीला नव्हता.

चिंगी : बरं. चुकलं माझं. सात, आठ, अकरा राहू देते. बाकीचे तर छानच आहेत. पंचवीस ते तीस बघा ना. एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ... अगदी हवे तसे. त्यांच्याच जोरावर तर मी...

अप्पा : ते काढून टाक.

चिंगी : कोणते?

अप्पा : पंचवीस ते तीस. ते चौकीत बसून भरलेत.

चिंगी : अप्पा, थट्टा नको हं आत्ता.

अप्पा : नदीवरचा पूल वाहून गेला होता. साहेबांना महिनाअखेर कागद हवे होते. आणि खरं सांगायचं तर त्या सात नंबरानं माझं मनच उडालं होतं. मोजून आणलं तर खोटारडा ठरलो. म्हटलं, यांना पटेल तेच देऊ. साठच्या आसपास. कुठे एक कमी, कुठे दोन जास्त. त्या सहा तुकड्यांसाठी कुणी मला परत पाठवलं नाही.

आई : मला कधी बोलला नाहीत.

अप्पा : काय बोलणार होतो?

चिंगी : अहो, त्याच सहांना मी प्रमाण धरलं! तीन आठवडे त्यांच्या मापानं खऱ्यांना खोटं ठरवत बसलेय. रात्रीचा दिवस केला, बाईंची बोलणी खाल्ली, आणि आता पुन्हा पहिल्यापासून! डोकं आपटावंसं वाटतंय भिंतीवर.

अप्पा : जगाचा आकडा किती हलेल त्यानं?

चिंगी : जगाचा? शेकडा पावसुद्धा नाही. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

आई : मग राहू दे ना, बाई. इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं?

अप्पा : नाही. काढ.

चिंगी : काढलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे कारण द्यावं लागतं, अप्पा. मोजणाऱ्याच्या नावासकट. जगभर कुणीही उघडून वाचू शकतं.

अप्पा : वाचू दे.

चिंगी : मी लिहिते, ‘पूल वाहून गेल्यामुळे मोजणी होऊ शकली नाही.’

अप्पा : पूल दोन महिन्यांत बांधला, चिंगे. त्यानंतरही मी गेलो नाही. तसं लिही.