बंद गाडीतला दाब

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत बसलो होतो. समोरच्या डिझेल गाडीपाशी काका, काकू आणि मेकॅनिक उभे होते.

“काका, धुराचा फिल्टर चोंदलेला नाही. त्यातला दाब मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय.”

“कशावरून?”

“इंजिन बंद आहे ना? म्हणजे आकडा शून्य हवा. हा बघा, बंद गाडीतही दाब दाखवतोय.”

“अगदी आमच्या यांच्यासारखं. दिवसभर सोफ्यावरून हलत नाहीत आणि संध्याकाळी म्हणतात, दमलो बुवा!”

“अगं, त्याला काम करू दे.”

दहा मिनिटं बोनेटखाली खटपट झाली.

“नवा बसवला, काका. आता शून्य. डॅशबोर्डवर लागणारा तो पिवळा दिवाही गेला. पण गाडी नुसती गल्लीतल्या गल्लीत फिरवू नका. आज तासभर मोठ्या रस्त्याने पळवा, म्हणजे आतली काजळी जळेल.”

“तासभर जायचं कुठे?”

“माझ्या बहिणीकडे. बरोबर तासाचा रस्ता आहे. सहा महिने हे तो दिवा दाखवून मला घरी बसवतायत.”

“अगं, खरंच लागत होता!”

“लागायचा हो. तुमच्या मित्रांकडे जाताना मात्र दिसायचा नाही.”

“बरं, तिला फोन तरी कर.”

“सकाळीच केलाय. दोन्ही बॅगा डिकीत आहेत.”

“दोन कशाला? आणि दिवा गेलाच नसता तर?”

“तर मी बसने गेले असते. म्हणून तर तुमचे कपडे वेगळ्या बॅगेत भरलेत.”