‘छान’ म्हणायला बंदी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कार्यशाळेच्या संचालकबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले हाडांचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या सत्कारमूर्ती ताई, त्यांच्या उजव्या हाताला नव्या कोटात अवघडून बसलेले भावजी, ताईंनी बसवलेल्या पायांवर दोन मजले चढून आलेली पाहुणेमंडळी, सहकारी बंधुभगिनींनो, आणि मागच्या दाराशी वासाच्या दिशेने तोंड करून उभ्या असलेल्या तमाम भुकेल्या जिवांनो!

माझ्यानंतर थेट जेवण आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. भुकेल्या सभेपुढे भाषण करणं हे धाडस आहे, आणि ते मी अध्यक्षांच्या परवानगीने करतो आहे.

बोलण्याआधी एक विनंती. आजचं जेवण ताईंच्या चिरंजीवांनी केलं आहे. ते दूरच्या शहरात एका हॉटेलचे मुख्य आचारी आहेत आणि आईचा निरोप समारंभ म्हणून पहाटेपासून आपल्या स्वयंपाकघरात खपत आहेत. त्यांना कोणीतरी इकडे बोलवा. भांडी झाकलेली राहिली तर काही बिघडत नाही. ताईंच्या डाव्या हाताची खुर्ची मी मुद्दाम रिकामी ठेवायला सांगितली होती. या, चिरंजीव, बसा. ॲप्रन राहू द्या, आपल्याकडे सगळेच ॲप्रनवाले आहेत.

तर, मी या कार्यशाळेत पट्टे करतो. कृत्रिम पाय कमरेला आणि मांडीला बांधायचे चामड्याचे पट्टे. त्यामुळे ताईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘पट्टेवाले’ ठेवलं. परिणाम असा झाला, की आजही नवीन माणूस रुजू झाला की मला पाणी आणायला सांगतो. मी आणतोही. ताईंनी दिलेल्या नावाचा मान राखायला नको का?

ताईंचं काम मी सांगावं असं इथे कोणी नाही. पण पाहुण्यांसाठी एक गोष्ट सांगतो. आपण नवा पाय बसवतो, माणसाला दोन दांड्यांच्या मधून चार पावलं चालवतो आणि विचारतो, ‘कसं वाटतंय?’ माणूस काय म्हणतो? ‘छान आहे.’ का म्हणतो? कारण आपण मेहनत घेतलेली असते, आणि तो भिडस्त असतो. मग तो घरी जातो आणि आठवड्यात कातडी सोलून परत येतो. ताईंनी या कार्यशाळेत ‘छान’ला बंदी घातली. भिंतीवर पाटी नाही लावली, पण कोणी ‘छान’ म्हणालं की ताई त्याला पुन्हा दांड्यांमध्ये उभं करायच्या. म्हणायच्या, ‘छान म्हणजे मला काहीच कळलं नाही. टोचतंय? घासतंय? रुततंय? दबतंय? लचकतंय? यातलं काय ते सांगा.’ आणि माणूस बोलायला लागायचा. ‘बाई, टाचेकडे नाही, आत गुडघ्याखाली जरासं काचतंय.’ काचतंय! त्या एका शब्दावर ताई सॉकेट, म्हणजे मांडी बसते ती पायाची वाटी, काढायच्या, बरोबर तिथेच कानस चालवायच्या, आणि माणूस चालत घरी जायचा. दुसऱ्याच्या अंगातलं दुखणं आपल्याला कधी कळत नाही. त्याने शब्द दिला तरच कळतं. हे मी ताईंकडून शिकलो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावं, मला पुढे लागणार आहे.

आता खाण्याकडे वळतो. मागच्या दाराशी हालचाल झाली, मी पाहिलं.

एक इथिओपियाचा आचारी आपल्याकडे पायासाठी आला होता. दिवसभर चुलीपाशी उभं राहायचं त्याचं काम. ताईंनी त्याचा साचा पुन्हा पुन्हा काढला. प्लास्टरचा इतका खप झाला की भांडारवाल्याने तोंड पाडलं. शेवटी पाय बसला, आणि त्याने आम्हाला सहकुटुंब आपल्या उपाहारगृहात बोलावलं. ताई आणि भावजी, मी, माझी पत्नी आणि माझी आई. जेवण त्याने स्वतः आणलं. स्वयंपाकघराच्या दारापासून आमच्या टेबलापर्यंत, हातात हे एवढं मोठं ताट घेऊन, न लंगडता. आम्ही ताटाकडे बघायचं सोडून त्याच्या चालीकडे बघत बसलो. ताई हळूच म्हणाल्या, ‘डावीकडे झुकत नाहीये.’

तेव्हापासून आमचा नेम पडला. महिन्यातून एका रविवारी दुपारी, याच गावात, नवा देश. कोरिया झाला, व्हिएतनाम झाला, पेरू झाला, मेक्सिको दोनदा झाला कारण पहिल्यांदा माझ्या आईला ठसका लागला. पासपोर्ट आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. आम्ही खायचो, बोटं चाटायचो, ‘छान, छान’ म्हणायचो आणि घरी येऊन आडवे व्हायचो.

मग मधल्या एका थंडीत ताईंना तो वाईट ताप आला. आठवत असेल तुम्हाला, महिनाभर त्यांची कानस बंद होती. बऱ्या होऊन आल्या आणि पहिल्याच रविवारी टेबलावर बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, ‘आजपासून इथेही छान बंद. ज्याच्या तोंडून छान निघेल त्याने सगळ्यांची ताटं गोळा करायची. काय लागतंय ते सांगा. मी शेवटी बोलेन.’

आम्हाला वाटलं, कार्यशाळेची खोड, दुसरं काय? पण मंडळी, काय सांगू, त्या बंदीने आमच्या जिभा सुटल्या! झालेलेच देश आम्ही पुन्हा नव्याने फिरलो. भावजी आयुष्यभर बस चालवत होते, त्यांना सगळीकडे रस्ताच दिसतो. कोरियाच्या मुरलेल्या कोबीला म्हणाले, ‘आधी सरळ रस्ता, मग न सांगता वळण, आणि वळणावर कोणीतरी कानाखाली वाजवली.’ माझी पत्नी भाषा शिकवते. ती आणि माझी आई इथिओपियाच्या त्या जाळीदार पोळीवरून भांडल्या. आई म्हणे आंबट, पत्नी म्हणे आंबूस. ‘आंबट मुळातच असतं, आंबूस मागाहून होतं,’ असा निकाल पत्नीने दिला आणि आईने तो सुनेचा आहे म्हणून अमान्य केला. पेरूच्या लिंबातल्या माशाला आई म्हणाली, ‘जीभ आकसते, पण सोडवत नाही मेलं.’ वाढपी विचारायला आला, ‘सगळं छान ना?’ तर आई त्याला म्हणाली, ‘बाळा, आमच्यात तसं म्हणत नाहीत.’

आणि दर खेपेला ताईंच्या पिशवीतून एक बरणी निघायची. चिरंजीवांनी पाठवलेली. नवी चटणी, नवं लोणचं, नवा मुरंबा. आम्हाला प्रत्येकाला बोटभर द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘बोला.’ उपाहारगृहाचे मालक डोळे वटारायचे. आम्ही म्हणायचो, लेकाचं कौतुक, चालायचंच.

सगळ्यांचं झालं की ताई एक घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि शेवटचा शब्द द्यायच्या. इतका नेमका, की आम्ही माना डोलवायचो.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. सभेने माझा आवाज सांभाळून घ्यावा.

एकदा आम्ही लेबनॉनच्या जेवणाला गेलो होतो. शेवटी दुधाचा गारगार, थलथलीत गोड पदार्थ आला. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा क्षणभर असा झाला. मग पुन्हा सरळ. म्हणाली, ‘वा! साय. आणि गोडवा कसा मऊ.’ माझ्या पत्नीने विश्वासाने मोठा चमचा भरला. मंडळी, त्यात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. समुद्र होता तो! सासूने सुनेला फसवलं. पण सूनही काही कमी नाही. तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि म्हणाली, ‘खरंच हो, मधासारखं.’ मी फसलो, मी तोच डाव पुढे चालवला. भावजी फसले, तेही म्हणाले, ‘गुळगुळीत रस्ता, एक खड्डा नाही.’ आणि आम्ही चौघं गालात हसू दाबून ताईंकडे बघत बसलो. आता ताई फसणार आणि आम्ही टेबल वाजवणार.

ताईंनी एक चमचा घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग म्हणाल्या, ‘सायीचा मऊपणा आहे. मधाच्या अंगाने जाणारी गोडी.’ आणि तिसरा चमचा भरला.

आमचं हसू तोंडातच राहिलं. त्या खात होत्या. शांतपणे खात होत्या. शेवटी भावजींनी त्यांच्या वाटीवर आपला पंजा ठेवला आणि म्हणाले, ‘अगं, खारट आहे ते.’

ताईंनी चमचा खाली ठेवला. एवढंच म्हणाल्या, ‘मला कळत नाही हो. त्या तापापासून काहीच कळत नाही. गरम, गार, मऊ, कडक. तेवढंच उरलंय.’

भावजींना खरं वाटेना. ‘मग घरात तू म्हणायचीस, आज भाजीत मीठ जास्त झालं. ते कसं कळायचं?’

‘तुम्ही पाणी किती पिता ते बघत होते,’ ताई म्हणाल्या.

त्या दिवशी भावजी खाली वाटीकडेच बघत राहिले. आत्ताही खाली बघताहेत. भावजी, खाली बघू नका. शेजारी जेवणाऱ्या माणसाला कळलं नाही, यात तुमचा काय दोष? आम्हाला तरी कुठे कळलं? त्या आमचेच शब्द उचलून, धुऊन पुसून आम्हाला परत देत होत्या, आणि आम्ही म्हणत होतो, काय जीभ आहे!

डॉक्टरसाहेबांच्या ओळखीने नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, चव परत येईल किंवा येणार नाही. अजून आलेली नाही.

चिरंजीव, आता तुमच्याशी बोलतो. नाही, तुमच्याशी कसलं, अरे तू एवढासा असताना माझ्या चामड्याच्या तुकड्यांची होडी करत होतास. तुझ्याशीच बोलतो. बस, उठू नकोस. आईचा हात सोडू नकोस.

तुला हे ठाऊक नव्हतं. तू फोनवर विचारायचास, ‘आई, कसं झालंय?’ आणि ती तुला सांगायची. तुझ्या त्या खजुराच्या चटणीला ‘आधी कडसर, मग खरपूस, आणि तिखट मागून येऊन उभं राहतं’ असं जे तिने सांगितलं, ते शब्द माझ्या आईचे. पण ती तुला खोटं एकदाही बोलली नाही. ‘छान झालंय’ एवढं म्हणून सुटता आलं असतं की नाही? ती सुटली नाही. तुझी बरणी पिशवीत घालून ती आमच्याकडे यायची, चार जिभांवर फिरवायची, आणि मगच तुला फोन करायची.

मी तिला विचारलं, त्याला सांगत का नाही? म्हणाली, ‘लहानपणापासून तो पहिला घास मला देतो, पट्टेवाले. मला चव नाही हे कळलं तर तो कोणासाठी करेल?’

पुढच्या आठवड्यात ही दोघं कायमची तुझ्याकडे राहायला येत आहेत. तिथे रोज तू वाढणार. आणि तिथल्या टेबलावर आम्ही नसणार. याच काळजीने ती गेले कित्येक दिवस झोपलेली नाही. परवा मला म्हणाली, ‘माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही भाषण करणारच आहात, तर तेवढं सांगून टाका.’ मी म्हणालो, ताई, सगळ्यांदेखत? तर म्हणाली, ‘एकट्यात सांगितलं तर तो रडेल आणि मीही रडेन. चार माणसांत माणूस सावरून बसतो.’

ताई, तुमचा अंदाज पहिल्यांदाच चुकला. चार माणसंही सावरलेली दिसत नाहीत.

अरे, हरवलेलं परत आणणं आपल्याला जमत नाही. या इमारतीत कोणालाच जमलेलं नाही. त्या इथिओपियाच्या आचाऱ्याचा पाय काही परत उगवला नाही. तो बघ, तिसऱ्या रांगेत बसलाय. हरवलेल्याच्या जागी दुसरं काहीतरी बसवायचं, ते काचणार नाही इतकं घासायचं, आणि माणसाला चालतं करायचं. तुझ्या आईने सगळा जन्म लोकांसाठी हेच केलं. आता तिच्यासाठी तुला करायचं आहे.

थोड्या वेळाने आपण जेवायला बसू. पहिला घास तू नेहमीसारखा तिलाच दे. फक्त ‘कसं झालंय’ असं विचारू नकोस. तिच्या शेजारी बस, तूही एक घास घे, आणि तूच तिला सांग. आंबट की आंबूस, नीट सांग. ती डोळे मिटून ऐकेल. आणि ‘छान’ म्हणालास, तर इथल्या सगळ्यांची ताटं तुला उचलावी लागतील.

अध्यक्षांनी वेळ दिला, सभेने भूक आवरून ऐकून घेतलं, भावजींनी आपलं घरचं दुःख माझ्या हाती सोपवलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुठे काही टोचलं, घासलं, काचलं असेल तर मनात ठेवून घरी जाऊ नये. तसं सांगावं, मी दुरुस्त करून देईन. आमच्या टेबलावर शेवटचा शब्द ताईंचा असतो, म्हणून मी आता बसतो. ताई, उठा. आणि आज कोणाचा शब्द उसना घेऊ नका, जे कळतंय तेवढंच सांगा. तुमच्या हातात लेकाचा हात आहे. तो गरम आहे की गार, तेवढं तुम्हाला कळतं.