खंडूची आत्या

(परदेशात स्थायिक झालेल्या रवींद्रच्या टाकानिनीतल्या घरी, शनिवारी संध्याकाळी. त्याची थोरली बहीण स्नेहलता जवळच्याच ओटाहुहू उपनगरातून आली आहे. रवींद्रची मुलगी वल्लरी आफ्रिकेतून फोनवर बोलते आहे. तिथे सकाळ आहे.)

स्नेहलता : कॅमेरा बंद का ठेवलायस? हाताला थालीपिठाचं पीठ, तशीच फोन धरून उभी आहे मी मघापासून. खंडूला दाखव आधी.

वल्लरी : आज नेटवर्क वीक आहे, आत्या.

स्नेहलता : काल त्या बछड्याच्या मिशा मोजता येत होत्या मला. आज बरं वीक झालं.

रवींद्र : ताई, तिला बोलू दे जरा. वल्लरी, आवाज असा का येतोय तुझा? बरं नाहीये का?

वल्लरी : मी ओके आहे, बाबा. ट्रक आलाय. खंडूला न्यायला.

स्नेहलता : जंगलात सोडायला? मग रडतेस काय, वेडे? त्यासाठीच तर गेलीस ना. सिंहाचं आईवेगळं पोर, चार महिने बाटलीने दूध पाजलंस, आता आपलं आपण हिंडेल. थांब, देवापुढे साखर ठेवते.

वल्लरी : नको ठेवूस, आत्या. जंगलात नाही नेत आहेत. दुसऱ्या फार्मवर नेतायत.

रवींद्र : फार्मवर कशाला?

वल्लरी : तिथे मोठे करतात. मग ते, आयाळ म्हणतात ना, ती पूर्ण वाढली की हंटर्स येतात. कुंपणाच्या आतच मारतात. फोटो काढतात.

रवींद्र : हे कोणी सांगितलं तुला?

वल्लरी : ट्रकच्या ड्रायव्हरने, काल संध्याकाळी आला तेव्हा. त्याला वाटलं, मला माहीत असेल. आणि बाबा, खंडू ऑर्फन नाहीचे. त्याची आई मागच्या कुंपणात आहे. दहा दिवसांचा असताना काढून घेतला त्याला. आमच्यासारखे लोक पैसे भरून येतात ना, बाटली पाजायला. त्यांना बेबीज लागतात.

स्नेहलता : मागच्या कुंपणात? रोज ओरडायची ती? मला फोनवर ऐकवलीस, बघ आत्या सिंहीण कशी गाते म्हणून?

वल्लरी : हो. तीच.

रवींद्र : मी तेव्हाच म्हटलं होतं. इथे रिझर्वमध्ये पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या पॉसमचे सापळे शनिवारी बघायला माणसं मिळत नाहीत, आणि हिला सिंह वाचवायला आफ्रिका.

स्नेहलता : ते आता उगाळू नकोस, रवी. जाऊ दे पोरीला म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. मला बोल हवं तर. वल्लू, पोलिसांना सांग.

वल्लरी : सांगितलं. लीगल आहे, आत्या. सगळे पेपर्स आहेत त्यांच्याकडे. मॅनेजरने स्वतःच काढून दाखवले, कॉफी पिता पिता.

रवींद्र : ज्यांच्याकडून बुकिंग केलं, त्यांना ईमेल टाक. नाहीतर मी टाकतो.

वल्लरी : काल रात्रीच टाकली. सोमवारी बघू म्हणाले. बाबा, ट्रक आत्ता उभा आहे.

रवींद्र : मग बॅग भर आणि शहरात ये. मी तिकीट बघतो, उद्याचं मिळेल.

वल्लरी : आणि खंडू?

रवींद्र : बाळा, खंडूचं मी इथे बसून काय करू?

स्नेहलता : दार उघडून दे की त्याला. जाईल पळून.

वल्लरी : बाहेर अजून एक कुंपण आहे. त्याच्या बाहेर अजून एक. आणि तो पळणारच नाही, आत्या. माणूस दिसला की येऊन डोकं घासतो. उद्या गनवाला आला तरी तेच करणार. आम्हीच शिकवलंय ना त्याला.

स्नेहलता : गाय कसायाला धार्जिणी म्हणतात. आपण सिंहाला तसा करून ठेवला.

रवींद्र : ताई, पुरे.

स्नेहलता : पुरे काय? बारसं केलंय मी त्याचं. हिने टॉवेलच्या झोळीत घातला होता आणि मी इथून फोनवर कुर्र केलं त्याच्या कानात. ईस्ट टामाकीला आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर घुगऱ्या वाटल्या. आमची सुपरवायझर विचारत होती, मुलगा कोणाला झाला म्हणून. किती हसलो आपण.

वल्लरी : आत्या, ऐक ना. तो पिंजऱ्यात जात नाहीये. शेडच्या कोपऱ्यात बसलाय. मॅनेजर म्हणतो, तू हाक मार, तुझं ऐकतो तो. नाहीतर बेशुद्ध करायचा डार्ट मारू. लास्ट वीक त्याच्या बहिणीला मारला डार्ट. डोस जास्त झाला. ती उठलीच नाही. मला दहा मिनिटं दिली होती, त्यातली पाच गेली.

रवींद्र : तू नाही म्हणून सांग.

वल्लरी : नाही म्हटलं तर डार्ट, बाबा. आणि हाक मारली तर तो येणार. धावत येणार. मला नाही जमत. मी काय करू?

स्नेहलता : त्याची बाटली कुठेय?

वल्लरी : हातात आहे.

स्नेहलता : भरलेली?

वल्लरी : हो. गरम आहे अजून.

स्नेहलता : पिंजऱ्यात पार आतल्या टोकाला ठेव. दूध आहे म्हणून बोलवायचं, तर दूध असायला हवं तिथे. आणि फोन त्याच टोकाला बाहेरून जाळीत खोच. आवाज मोठा कर.

वल्लरी : का?

स्नेहलता : नाव मी ठेवलं, हाक मी मारते. रोज दुधाच्या वेळी माझी बडबड ऐकतो, ओळखेल. तू नको मारूस. तू तिकडे तोंड कर.

रवींद्र : ताई, कशाला अंगावर घेतेस? सोसणार आहे का तुला?

स्नेहलता : नाही सोसणार. तू गॅस बंद कर, थालीपीठ करपतंय. वल्लू, खोचला फोन?

वल्लरी : खोचला.

स्नेहलता : खंडू. ए खंडोबा. कोण आलंय बघ. आत्या आलीय. रुसून बसलास का रे? ये माझ्या राजा. दूध निवतंय तुझं.

रवींद्र : येतोय का गं?

वल्लरी : कान उभे केलेत. उठला.

स्नेहलता : शहाणं ते माझं. ये, ये. आज कोणी काही करणार नाही तुला. आज फक्त दूध प्यायचं. ये रे खंडू.

वल्लरी : आत गेला.

स्नेहलता : पितोय?

वल्लरी : दार लावलं त्यांनी.

रवींद्र : ताई, बस खाली. बस बघू.

स्नेहलता : पितोय का, ते सांग आधी. जाळीतून हात घालून धर त्याच्यापुढे बाटली. उपाशी नको जायला.

वल्लरी : धरलीय, आत्या. तो बघतच नाहीये तिच्याकडे. फोन खोचलाय ना, तिथे जाळीला डोकं घासतोय.